भाला घेऊन पळणारी फायटर: चौथ्या लेव्हलला कोणतं फीट?

हर्णैची_वाट

आधीच सांगते, डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या माझ्या पात्रासाठी फीट (पात्राला मिळणारं खास कौशल्य) विचारतेय, पण 'पोलआर्म मास्टर आणि सेंटिनल घे, विषय संपला' एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू. ते पुण्याच्या चुलतभावाने, त्याच्या रूममेटने आणि यूट्यूबने सांगून झालंय.

आमचा गट घरचाच. पाच भावंडं, मोठा दादा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. शिमग्याला आणि गणपतीला सगळे दापोलीला येतात तेव्हा माजघरात बसतो, मधल्या काळात रेंजच्या कृपेने ऑनलाइन. नियम २०१४चे. दादाने किनारपट्टी स्वतःची बनवलीय, पण ओळखू येते: समुद्रात एक मोठा किल्ला, समोर किनाऱ्यावर तीन छोटे. म्हणजे सुवर्णदुर्ग आणि अलीकडचे कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला, फक्त नावं बदललेली. दरवाज्याशी कोरलेलं कासवही त्याने ठेवलंय. आमच्या खेळात ते रात्री चालतं.

नकाशा म्हणजे फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर पट्टीने आखलेले चौकोन, एक चौकोन पाच फूट. झॉम्बी म्हणजे चिंचोके, ऑगर (दांडगा राक्षस) म्हणजे आंब्याची बाठ, आमचा विझर्ड (जादूगार) म्हणजे रिठा, आणि माझी म्हाळू म्हणजे एक पांढरी कवडी. (आई मधूनच विचारते, सारखं फीट-फीट काय चाललंय, जमीन मोजताय का?)

म्हाळू ह्यूमन फायटर आहे, लेव्हल ३. स्ट्रेंग्थ १६, कॉन्स्टिट्यूशन १४, एचपी (शिल्लक जीव) २८, एका हातात भाला, दुसऱ्यात ढाल, फायटिंग स्टाइल ड्युएलिंग (एकहाती शस्त्राला दोन डॅमेज जास्त). माझ्या डोक्यात ती शिमग्यातल्या संकासुरासारखी आहे. तो कुठून तरी येतो, पाठीत एक बसते, आणि पोरं वळून बघेपर्यंत शेजारच्या अंगणात पोचलेला असतो. मला तसं खेळायचंय. आत शिरायचं, टोचायचं, बाहेर.

प्रत्यक्षात काय झालं ते ऐका. मागच्या शिमग्याला फत्तेगडाच्या पायऱ्यांवर ऑगर. मी पळत गेले, टोचलं, सात डॅमेज. ऑगरला ५९ एचपी असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याच्या पाळीत सोटा बसला, १३. पुढच्या पाळीत पुन्हा टोचलं आणि संकासुरासारखी मागे पळाले. दादा शांतपणे म्हणाला, "ऑपॉर्च्युनिटी अटॅक." म्हणजे शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडताना बसणारा फुकटचा फटका. १६. एकूण २९, माझे २८. कवडी आडवी. डिसएंगेज (सावधपणे मागे सरकणं) केलं असतं तर वाचले असते, पण त्यात अख्खी अ‍ॅक्शन जाते, मग टोचायचं कधी? आणि मी आडवी झाल्यावर ऑगर सरळ रिठ्यावर गेला. आमचा विझर्ड बारावीत आहे, त्याने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

गणपतीत लेव्हल ४ मिळणार. म्हणजे एक फीट आता आणि फायटर असल्यामुळे एक लेव्हल ६ला. मोबाइल, चार्जर, पिअर्सर, पोलआर्म मास्टर असे चार समोर आहेत. सेंटिनल घेऊन दारात खांबासारखं उभं राहायचं नाहीये. काय घेऊ, आणि आधी कोणतं?

क्रिट_मारुती

ताई, राग मानू नका पण पोलआर्म मास्टर + सेंटिनल. शत्रू रेंजमध्ये आला की रिअ‍ॅक्शनने (दुसऱ्याच्या पाळीत मिळणारा एक झटपट प्रतिसाद) मार, लागला की त्याचा स्पीड शून्य, तुमच्यापर्यंत पोचतच नाही. आमच्या चिपळूणच्या टेबलावर एकाने हेच करून डीएमला रडवलंय.

हर्णैची_वाट

पहिली ओळ वाचली होती का?

क्रिट_मारुती

वाचली. तरीपण.

मालवणी_डीएम

गो बाय, तुका काय व्हया ता आधी ठरव. पळूचा आसा काय थांबूचा?

पळायचं म्हणतेस ना, मग मारुतीरायाचं ऐकू नको. आणि त्याच्या टेबलावरच्या माणसाकडे भाला नव्हता, हॅलबर्ड नाहीतर ग्लेव्ह असणार. त्या शस्त्रांना रीच आहे, म्हणजे दहा फूट. शत्रू दहा फुटांवर पाय टाकतो, फटका बसतो, सेंटिनलमुळे तिथेच गोठतो आणि त्याचा सोटा पाच फुटांचा असला तर हवेत फिरवत बसतो. भाल्याला या नियमांत रीच नाही. ऐकायला विचित्र वाटतं, एवढा लांब दांडा आणि पोच तलवारीइतकीच, पण पुस्तकात तसंच आहे. तुझ्या भाल्याने शत्रू गोठेल तो तुझ्या नाकासमोर. मग तो आरामात तुला बडवेल. मूळ छापलेल्या पुस्तकात तर पोलआर्म मास्टरमध्ये भालाच नव्हता, ग्लेव्ह, हॅलबर्ड आणि क्वार्टरस्टाफ एवढीच नावं होती. भाला २०१८च्या दुरुस्तीत आला. दादाकडे जुनी प्रत असेल तर आधी ते दाखव, नाहीतर ऐन सत्रात भांडण.

आता माझं मत. मोबाइल आणि पोलआर्म मास्टर. दोन्ही, आणि याच क्रमाने.

मोबाइलने स्पीड दहा फूट वाढतो, तुझा ४० होईल. पण खरं काम दुसरं. ज्याच्यावर तू मेली, म्हणजे जवळून, अटॅक केलास तो त्या पाळीत तुझ्यावर ऑपॉर्च्युनिटी अटॅक करू शकत नाही. फटका लागला की हुकला, फरक पडत नाही. म्हणजे तुझे आठ चौकोन: तीन चौकोन आत, टोच, पाच चौकोन बाहेर. संकासुर झालीस. ऑगरचाही स्पीड ४० आहे, तो तुझ्यामागे येईलच, पण झॉम्बीचा २०. तो हात पसरून चालतच राहील.

मग पोलआर्म मास्टर कशाला? तर तू पाच चौकोन मागे जाऊन उभी राहिलीस आणि ऑगर तुझ्यामागे आला, की तो तुझ्या पाच फुटांत *शिरतो*. पोलआर्म मास्टर म्हणतं, शिरला की रिअ‍ॅक्शनने मार. जो जागेवरच उभा राहतो त्याला ही रिअ‍ॅक्शन एकदाच मिळते, कारण शत्रू एकदा चिकटला की पुन्हा 'शिरत' नाही. तू दर फेरीला बाहेर पडणार, म्हणून दर फेरीला तो शिरणार. पळणाऱ्यालाच ही दोन फीट एकत्र शोभतात.

शिवाय दांड्याच्या बुडाने बोनस अ‍ॅक्शनचा (पाळीतली जास्तीची छोटी कृती) फटका आहे, डी४चा (चार बाजूंचा फासा). भाला एका हातात धरूनही चालतो. तुझ्यासाठी हिशोब केला. लेव्हल ६, स्ट्रेंग्थ १६च राहिली असं धरलंय. ढाल आणि ड्युएलिंग: दोन टोची सरासरी ८.५ च्या, म्हणजे १७, त्यात बूड ७.५, एकूण २४.५. ढाल टाकून भाला दोन हातांनी धरलास तर डी८ मिळतो पण ड्युएलिंगचे दोन जातात: ७.५ आणि ७.५, बूड ५.५, एकूण २०.५. डी६चा डी८ झाला म्हणून लोक हुरळतात. तू ढाल सोडू नको, दोनचा एसीही (बचावाचा आकडा) त्यातच आहे.

आणि एक युक्ती, जी मला माझ्याच टेबलावरच्या पोरीने शिकवली. मोबाइलचं संरक्षण फक्त ज्याच्यावर अटॅक केला त्याच्यापुरतं असतं. दोन सहुआगिननी (समुद्रातली मासेमाणसं) घेरलं तर? टोक एकाला, बूड दुसऱ्याला. दोन्ही हुकले तरी चालतील, दोघांच्याही हातावर तुरी. लेव्हल ५ला दुसरा अटॅक येतोच, म्हणजे ६ला पोलआर्म मास्टर घेतलंस की तिघांमधून निसटशील.

आधी कोणतं? नुसतं डॅमेज बघितलं तर लेव्हल ४ला पोलआर्म मास्टर पुढे आहे, एकाच फीटमध्ये तुझे अटॅक दुप्पट होतात. पण तुम्ही वर्षातून दोनदा नीट बसता. लेव्हल ६ म्हणजे पुढचा शिमगा, कदाचित त्याच्याही पुढे. तेवढा काळ नको तो खेळ कशाला खेळायचा? मोबाइल आधी.

रिठ्याचं मात्र फीट नाही सोडवणार. तू पळून रिकाम्या वाळूत गेलीस तर शत्रू विझर्डकडे जाणारच, तो काय वेडा आहे? पळायचं ते शत्रू आणि रिठा यांच्या *मधल्या* चौकोनात. म्हणजे तो तुला टाळून गेला तरी तुझ्या पाच फुटांतून बाहेर पडताना साधा ऑपॉर्च्युनिटी अटॅक मिळेल, आणि पोलआर्म मास्टर आल्यावर शिरतानाच.

चार्जर विसर. २०१४चं चार्जर डॅश (अ‍ॅक्शन खर्चून दुप्पट धावणं) करायला लावतं आणि मग बोनस अ‍ॅक्शनने एकच फटका, पाच जास्तीच्या डॅमेजसाठी. आत जायला बरं, बाहेर यायला काही नाही. पिअर्सर चांगलं आहे, स्ट्रेंग्थ किंवा डेक्स एकने वाढते, पाळीत एकदा डॅमेजचा फासा पुन्हा टाकता येतो. पण तुझी स्ट्रेंग्थ सम आकड्यावर आहे, १७ होऊन उपयोग नाही. लेव्हल ८ला विचार कर.

काजूबी

वरचं सगळं २०१४साठी बरोबर. पण कोणी नवीन पुस्तक वापरून हा धागा वाचत असेल तर सावध. २०२४मध्ये मोबाइल नावाचं फीट नाही, त्याच्या जागी स्पीडी आहे. दहा फूट तसेच, पण ऑपॉर्च्युनिटी अटॅक बंद होत नाही, फक्त डिसअ‍ॅडव्हांटेजने (दोन फासे टाकून लहान आकडा धरणं) होतो. आम्ही गुहागरला अर्धं जुनं अर्धं नवं खेळायचो, त्यात एकाचा रोग (चोर-पात्र) याच फरकात मेला.

२०२४मध्ये भाल्याला सॅप मास्टरी आहे: फटका लागला की शत्रूच्या पुढच्या अटॅकला डिसअ‍ॅडव्हांटेज. म्हणजे टोचून पळताना ऑपॉर्च्युनिटी अटॅक तसाही लंगडा होतो. वर स्पीडी घेतलं तर एकाच अटॅकवर दोन डिसअ‍ॅडव्हांटेज, आणि ती बेरीज होत नाही. त्यापेक्षा तिकडचं चार्जर बघा. सरळ रेषेत दहा फूट धावून लागलेल्या फटक्यावर पाळीत एकदा डी८ जास्त किंवा दहा फूट ढकलणं. डॅश करायची सक्ती नाही, स्ट्रेंग्थही एकने वाढते. ऑगरला दहा फूट ढकललं की त्याच्या सोट्याच्या टप्प्यात तुम्ही नाहीच, मग मागे फिरताना अटॅक कसला? नावं तीच पण माल वेगळा.

रात्रपाळीचा_भिक्षू

फायटरच हवी का? मंकला (लढवय्या भिक्षू) भाला चालतो, साधं शस्त्र आहे आणि हेवी नाही. डेक्सने (चपळाईने) मारता येतं, लेव्हल २ला दहा फूट स्पीड फुकट. ओपन हँड (मंकचा एक प्रकार) घेतला तर फ्लरीच्या (झटपट जोडफटके) फटक्याने शत्रूची रिअ‍ॅक्शनच काढून घेता येते, मोबाइलची गरजच नाही. फक्त मंकला पोलआर्म मास्टर घेऊ नका, बोनस अ‍ॅक्शनवर दोघं भांडतात.

स्वॉशबकलर रोगलाही टोचून निसटता येतं, पण स्नीक अटॅकला फिनेस किंवा रेंज्ड शस्त्र लागतं आणि भाला दोन्हीत नाही. फेकला तरी नाही. हे मी तीन सत्रं चुकीचं खेळलोय.

हर्णैची_वाट

म्हाळू मंक होणार नाही. तिचा बाप किल्ल्यावर पहारेकरी होता, दादाने त्यावर चार पानं लिहिलीत.

@मालवणी_डीएम काका, 'शिरतो' वालं डोक्यात आलंच नव्हतं. मी बाहेर पडण्याकडेच बघत होते. एक अडचण: दादा म्हणाला, "टेबलावर मोबाइल चालणार नाही." घरचा नियम आहे, फोन देवघरातल्या फळीवर ठेवतो. दहा मिनिटं मी फीटबद्दल भांडत होते.

पऱ्यावरचा

मला यातलं फार कळत नाही, मुलगा खेळतो म्हणून वाचतो. पण भाल्याबद्दल बोलताय म्हणून. मृगाच्या पहिल्या पावसात पऱ्याला पाणी आलं की आम्ही बॅटऱ्या घेऊन चढणीच्या माशांवर जायचो. कोणाकडे कोयता, माझ्याकडे बांबूला सळई बांधलेला भाला. पाण्यात मासा दिसतो तिथे नसतो, जरा खाली असतो, म्हणून नेम खाली धरायचा. लागला की भाला तळाच्या रेतीत रुतवून दाबून धरायचा, नाहीतर मासा सुटून जातो. टोचून लगेच मागे पळणारा माणूस आमच्याकडे रिकाम्या हाताने घरी जायचा. तेवढं दादाला सांगा.

मालवणी_डीएम

पऱ्यावरच्यांनी मुद्द्याचं काढलं, पाणी. बाय, तुमचा किल्ला समुद्रात आहे ना? मग भाल्याची खरी मजा तिथे आहे. पोहण्याचा स्पीड नसलेल्या माणसाला पाण्याखाली तलवारीने मारायला डिसअ‍ॅडव्हांटेज मिळतं. खंजीर, जॅव्हलिन, शॉर्टस्वोर्ड, भाला आणि त्रिशूळ एवढ्यांनाच सूट. भरतीत होडी उलटली तर तुमच्यात नीट लढणारी बहुतेक तूच.

आणि दादाला विटा नावाचं शस्त्र आठवून दे. मराठ्यांकडे दोर बांधलेला भाला असायचा, फेकून परत ओढायचा. माझ्या टेबलावर मी तो घरगुती नियमाने ठेवलाय: वीस फुटांपर्यंत फेक, बोनस अ‍ॅक्शनने ओढून घे. पळणाऱ्या फायटरला फेकून रिकामं राहावं लागत नाही.

हर्णैची_वाट

गौरी गेल्या, पाहुणे गेले, आता लिहिते.

मोबाइल घेतलं. लढाई झाली ओहोटीच्या वेळी हर्णैसारख्या बंदरात, चार सहुआगिन. दादाने पुठ्ठ्याच्या अर्ध्या भागावर काथ्या पसरला, म्हणजे चिखल, डिफिकल्ट टेरेन. तिथे माझे ४० फूट २० झाले. मोबाइल चिखल माफ करतं ते फक्त डॅश केल्यावर, हे मी वाचलं होतं पण कळलं नव्हतं. पहिल्या पाळीत चिखलात दोन चौकोन आत, टोचलं, दोन चौकोन बाहेर, आणि स्पीड संपला. दोन चौकोनांवर उभं राहून संकासुर होत नाही. सहुआगिन चालत आला आणि भाला मारला. त्यांच्याकडेही भालेच असतात, हा विनोद दादाने तीनदा केला. आणि एकदा रक्त लागलं की त्यांना जखमी माणसावर अ‍ॅडव्हांटेज मिळतं, त्यामुळे मी एकदम सगळ्यांची लाडकी.

मग अ‍ॅक्शन सर्ज (फायटरला त्याच पाळीत मिळणारी आणखी एक अ‍ॅक्शन) आठवला. एका अ‍ॅक्शनने डॅश, आता ८० फूट आणि चिखल माफ. सरळ त्यांच्यामधून धावले. एकाने जाताना ऑपॉर्च्युनिटी अटॅक केला, ढालीवर बसला. शेवटच्या सहुआगिनवर दुसरी अ‍ॅक्शन, साधा अटॅक, क्रिट (दुप्पट फाशांचा फटका)! तो पडला. उरलेल्या फुटांत वळून रिठ्याच्या पुढच्या चौकोनात येऊन उभी राहिले, काका म्हणाले तशी मध्ये. एक सहुआगिन मला वळसा घालून रिठ्याकडे निघाला, माझ्या टप्प्यातून बाहेर पडला, रिअ‍ॅक्शन, ११. विझर्डने त्याच्यावर बर्निंग हँड्स (आगीचा मंत्र) टाकून काम संपवलं आणि मला मोदक दिला. स्वतःच्या ताटातला.

पण बोनस अ‍ॅक्शन अख्ख्या लढाईत सेकंड विंडला (स्वतःचे एचपी भरून काढणं) एकदा वापरली, बाकी रिकामी. दोघं चिकटले तेव्हा एकालाच टोचता आलं आणि दुसऱ्याने पाठीत मारलं. तेव्हा काकांचं 'टोक एकाला, बूड दुसऱ्याला' फार आठवलं. लेव्हल ६ला पोलआर्म मास्टर नक्की. जुन्या प्रतीत भाला नव्हताच, दुरुस्ती दाखवली, दादाने पेन्सिलने लिहून घेतलं.

@पऱ्यावरचा काका, तुमचं वाचून दादाने नियम काढलाय की पाण्यात क्रिट लागला तर भाला रुततो. मला अजून ठरवता येत नाहीये की तुमचे आभार मानू की काय करू.

@मालवणी_डीएम विट्याचे नियम सविस्तर टाका ना. दोर किती लांब, शत्रूने दोर पकडला तर काय, आणि ढाल हातात असताना ओढायचं कुठल्या हाताने? दादा बाजूला बसून वाचतोय.